साळुंखे आणि त्यांचे पाच ड्रमवाले

नव्या पनवेलला राहायला आलो त्याच्या चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, दाराची बेल वाजली. दारात चाळिशीचे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर, भांग पाण्याने बसवलेला. नमस्कार नाही, नाव नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं कुटतंय कोण?"

आत माझी बायको नीला खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करत होती. मला वाटलं, झालं, पहिल्याच आठवड्यात शेजारपाजारची तक्रार. मी ओशाळून म्हणालो, खाली पोतं घालून कुटायला सांगतो. गृहस्थांनी हात हलवला.

"आवाजाचं काय न्हाई. वहिनींचा हात लई सरळ हाय. फक्त चौथ्या ठोक्याला घाई करतात. तेवढं सांभाळायला सांगा."

आणि जिना उतरून गेले. पुढचे आठ दिवस नीलाला कूट करताच येईना. चौथा ठोका जवळ आला की तिचा हात हवेत थांबायचा. शेवटी चिडून तिने मिक्सर काढला. पण महिन्याभराने मी ऑफिसातून जरा लवकर आलो, तेव्हा ती एकटीच खलबत्ता घेऊन बसली होती आणि ओठांत मोजत होती. ठोके एकदम सरळ पडत होते. मी हळूच बूट काढले.

हे आमचे साळुंखे. आमच्या अगदी खालच्या मजल्यावर राहायचे. गाव कराडच्या बाजूचं, नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात, मेंटेनन्स फिटरची. मशीनच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवायची आणि आत काय बिघडलंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. कारखान्यातली ही सवय घरी आल्यावरही सुटायची नाही. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाजवळून जाताना एकदा ते थबकले आणि सेक्रेटरींना म्हणाले, गुरुवारी बेअरिंग जाईल. बेअरिंग बुधवारी गेलं. सगळी सोसायटी बादल्या घेऊन टँकरपुढे उभी असताना साळुंखे सेक्रेटरींच्या घरी जाऊन माफी मागून आले, एक दिवस चुकला म्हणून.

इतपत विक्षिप्तपणा आपल्याकडे खपून जातो. खरा प्रकार मला दोनेक महिन्यांनी कळला. त्यांनी मला चहाला बोलावलं. त्यांच्या पत्नी शालिनीवहिनींनी पोहे पुढे ठेवले आणि माझ्याकडे जरा दयेने पाहिलं, त्याचा अर्थ मला मागाहून लागला. साळुंख्यांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला. त्यात कॅसेटी होत्या. एकीवरही नाव नाही. लाल स्केचपेनने नुसते आकडे, एक ते एकतीस. त्यांनी टेपरेकॉर्डरमध्ये सात नंबर घातली आणि खोलीत एकदम गदारोळ उठला. गिटारी किंचाळतायत, कोणीतरी इंग्रजीत जिवाच्या आकांताने ओरडतोय. साठ-सत्तर सालातलं ते विलायती रॉक संगीत, जे ऐकणारे लोक मी फक्त कॉलेजात लांबून पाहिले होते. साळुंख्यांसारखा माणूस हे ऐकतो, हेच मला पचेना.

मी तोंड वाकडं केलेलं त्यांना दिसलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गाणाऱ्याला बाजूला करा."

हे वाक्य पुढच्या काही वर्षांत मी हजारदा ऐकलं. गाणाऱ्याला बाजूला करा, गिटारवाल्यांना उंबऱ्याबाहेर काढा, आणि मागं बसून जो ठोकतोय त्याच्याकडं कान द्या. साळुंख्यांचा सगळा जीव त्या मागे बसलेल्या माणसात होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ही कुठली मंडळी, कुठल्या देशातली, जिवंत आहेत की गेली, काही माहीत नव्हतं. म्हणून ड्रमवाल्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. असे एकूण पाच जण होते.

लोहार सगळ्यांत जबर. मोठा ड्रम पायाने वाजवतात, आणि त्याच्या एका पायात दोन पायांचं बळ. तो ठोका मारतो तेव्हा, साळुंख्यांच्या भाषेत, कपाटातल्या वाट्या ओ देतात. शिंपी त्याच्या उलट, दोन ठोक्यांत भागत असेल तर तिसरा मारणार नाही. माथेफिरू नावाप्रमाणेच. सगळे गाण्यात, हा गाण्यावरून उड्या मारतोय, आणि तरी नेमका वेळेवर जमिनीवर येतो. इंजिनियरकडे ढीगभर ड्रम, आणि एकही विनाकारण ठेवलेला नाही. पाचवा पोस्टमन. पोस्टमनमध्ये काहीच नव्हतं. तो यायचा, टाकायचा, जायचा.

साळुंख्यांकडे एक दोनशे पानी वही होती. तिच्यात या पाचांचं मूल्यमापन चालू असे आणि तेही कारखान्याच्या जॉब कार्डच्या भाषेत. 'लोहार, कॅसेट ७, बाजू ब. पाय उत्तम. डावा हात किंचित ढिला, मुद्दाम ठेवलेला असावा. दुरुस्ती नको.' 'माथेफिरू, कॅसेट १२. सर्व नट-बोल्ट सैल. तरी चालू स्थितीत. कारण समजत नाही.' हे 'कारण समजत नाही' बऱ्याच पानांवर होतं. मला वहीतला तोच भाग सगळ्यांत आवडला. स्वतःच्या कानावर एवढा विश्वास असलेला माणूस इतक्यांदा 'समजत नाही' लिहितो, म्हणजे त्याला खरंच काहीतरी शोधायचं असणार.

हळूहळू मला त्याची चटक लागली. रविवारी नीला म्हणे, खाली कुठे निघालात, आणि मी म्हणे, जरा लोहाराकडे. आमची भांडणंही व्हायला लागली. माझा माणूस इंजिनियर. मला त्याच्यासारखा कोणी वाटेना. साळुंख्यांनी मात्र पहिला नंबर पोस्टमनला दिला होता, आणि ते मला अजिबात पटत नव्हतं. पोस्टमन जे वाजवतो ते मी सुद्धा डब्यावर वाजवीन, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी मला डबा दिला. मी वाजवला. मिनिटाभरात माझा हात कुठच्या कुठे गेला. त्यांनी डबा परत घेतला आणि त्यावर काही बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की कसब वेगळं आणि वळण वेगळं. कोण किती अवघड वाजवतो ही एक गोष्ट झाली, आणि कोणामुळे बाकीच्यांचा हात बदलला ही दुसरी. लोहारासारखं वाजवायला लोक जीव टाकतात आणि जमत नाही म्हणून रडतात. पोस्टमनसारखं सगळेच वाजवतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. मी म्हणालो, हे तुम्हाला पनवेलमध्ये बसून कसं कळलं. त्याचं उत्तर मला कामोठ्यात मिळालं.

कामोठे तेव्हा गावच होतं, आजूबाजूला भाताची खाचरं आणि मधेच एखादी अर्धी उभी राहिलेली बिल्डिंग. खांदेश्वरला स्टेशन व्हायचं होतं. गावच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा आहे म्हणून आम्ही दोघं सायकलींवर गेलो. गायिका एक जुनं हिंदी गाणं म्हणत होती, लोक शिट्ट्या मारत होते. मागे एक जाडसर इसम दोन ड्रम आणि एक तडकलेली झांज घेऊन बसला होता. त्याने एक ठेका धरला आणि साळुंख्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. मलाही ऐकू आलं. तोच ठेका, तोच जरासा उशिरा पडणारा डावा हात. पोस्टमनची कॅसेट तीन, बाजू अ. कार्यक्रम संपल्यावर साळुंख्यांनी त्या इसमाला गाठून विचारलं की हे कुठं शिकलात. तो म्हणाला, कुठं शिकायचं, असंच वाजवतात ना सगळे. साळुंखे परत येताना सायकल हातात धरून चालत राहिले. इतका आनंदलेला फिटर मी पुन्हा पाहिला नाही.

मग मला एक कल्पना सुचली. आमच्या ऑफिसातला एक जण नेरूळला राहायचा. त्याच्या गल्लीत फ्रान्सिस सर म्हणून एक म्हातारे होते. मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये त्यांनी तीस वर्षं ड्रम वाजवला होता आणि आता पोरांना शिकवायचे. मी साळुंख्यांना म्हणालो, चला, तुमच्या पाचांची खरी नावं कळतील. वाटलं होतं, उडीच मारतील. पण ते वही बंद करून म्हणाले, बघू. पुढच्या रविवारी त्यांना पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी ओव्हरटाइम होता. एकदा दाढ दुखत होती, एकदा टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता. असे चार-पाच महिने गेले. मला वाटलं, आपली दिलेली नावं पुसली जातील म्हणून माणूस घाबरतोय, आणि मी विषय सोडून दिला.

मी सोडल्यावर महिन्याभराने ते स्वतः वर आले आणि म्हणाले, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसने नेरूळला गेलो. त्यांनी पाच कॅसेटी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घेतल्या होत्या.

फ्रान्सिस सर सत्तरीचे, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेले. त्यांना सगळा प्रकार सांगितला तेव्हा ते खूश झाले आणि सात नंबरचे पहिले दोन ठोके ऐकल्याबरोबर नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं. साळुंख्यांनी हात जोडले. नावं नकोत म्हणाले. हात कसा आहे तेवढंच सांगा. सर माझ्याकडे बघायला लागले, मी साळुंख्यांकडे बघायला लागलो. पण सरांनी मान्य केलं, आणि पुढचा दीड तास त्या लहानशा खोलीत लोहार, शिंपी, इंजिनियर यांच्यावर जी चर्चा झाली ती ऐकायला ते पाच जण हवे होते. लोहाराचा डावा हात मुद्दाम ढिला आहे, हे सरांनी आपण होऊन सांगितलं. साळुंख्यांनी वही उघडून मला ती ओळ दाखवली आणि पुन्हा मिटली. पोस्टमनवरही दोघांचं एकमत झालं, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

खटका उडाला तो माथेफिरूवर. सरांनी त्याला सगळ्यांच्या वर ठेवला. साळुंखे म्हणाले, पण त्याच्यामागं त्याच्यासारखं कोण वाजवतं. कोणीच नाही, सर म्हणाले, कोणाला जमणार. मग त्याचं मागं उरलं काय, असं साळुंख्यांनी विचारलं. सर थोडा वेळ पाय चोळत राहिले.

"काय नाय उरलं. तो होता, येवढंच. सगळ्याचं काय उरायला पायजे असं नाय, बाबा."

साळुंख्यांनी हे वहीत लिहिलं नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालात बांधलेली एक कॅसेट काढली. ही मी कधी पाहिली नव्हती. एकतिसांतली नव्हती, तिच्यावर आकडाच नव्हता. ही पण एक ऐका, म्हणाले, आणि स्वतः उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

कुठल्यातरी हॉलमध्ये साध्या माइकवर रेकॉर्ड केलेलं होतं. खुर्च्या सरकत होत्या, कोणी खोकत होतं, मराठीत कोणीतरी 'लाइट, लाइट' म्हणून ओरडलं. पेटी आणि एक गिटार बेसूर चालली होती. आणि मागे ड्रम. सर आधी हसत होते, मग थांबले. कॅसेट संपल्यावर त्यांनी मला ती मागे फिरवायला लावली आणि डोळे मिटून पुन्हा ऐकली.

"कोणी शिकवलेला नाय हा," ते म्हणाले. "लोहाराला ऐकून ऐकून हात बसवलाय. पण नक्कल नाय करत. लोहार जिथे मारतो ना, तिथे हा थांबतो. हे शिकवून येत नाय. हात चांगला आहे, खूप चांगला आहे. पाय कच्चा. माझ्याकडे आला असता तर सहा महिन्यांत पाय केला असता."

साळुंख्यांनी पाठ न वळवता विचारलं, अजून शिकता येईल का. सरांनी वय विचारलं. चौतीस, साळुंखे म्हणाले, पण पंधरा वर्षांत हात लावलेला नाही. कॅसेट काढून सरांनी ती रुमालात नीट बांधली आणि दिली.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही स्टॉपच्या कठड्यावर बसलो आणि तिथे साळुंख्यांनी मला सांगितलं. तो त्यांचा धाकटा भाऊ, विलास. वडील गेले तेव्हा साळुंखे पंचवीस वर्षांचे, विलास एकोणीसचा, दोन बहिणी लग्नाच्या. विलासने कॉलेजच्या पोरांबरोबर कराडला ऑर्केस्ट्रा काढला होता. कुठून कुठून एकेक ड्रम जमवला होता आणि गोठ्यात बसून वाजवायचा. जहाजावर काम करणारा त्याचा एक मित्र विलायती गाणी टेप करून आणायचा, त्या या कॅसेटी. एका संध्याकाळी साळुंख्यांनी त्याला सांगितलं की आता या घरात एकच आवाज चालेल, कारखान्याच्या भोंग्याचा. विलास 'बरं' म्हणाला. भांडला नाही, रडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळा सेट त्याने स्वतः बैलगाडीत भरला आणि गावच्या हायस्कूलला देऊन टाकला. पुढे तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागला. अजून तिथेच होता. बायको, दोन मुली, सगळं व्यवस्थित.

कॅसेटींचा डबा आईने चुकून साळुंख्यांच्या सामानात घातला आणि तो पनवेलला आला. तीन वर्षं माळ्यावर पडून होता.

"एक दिवस काढला," साळुंखे म्हणाले. "म्हटलं, आपण त्याला काय सोडायला लावलं, ते तरी बघावं. पहिलं वरीसभर तर नुसता गोंधळच ऐकू यायचा. मग एकेक जण वेगळा कळाय लागला. आणि जसजसं कळाय लागलं तसतसं..."

मी विचारलं, विलासला कधी विचारलंत का, हे कोण कोण आहेत म्हणून. त्याला तर सगळ्यांची नावं माहीत असतील. साळुंखे म्हणाले, तो दिवाळीला येतो, आम्ही उसाचं बोलतो. बस आली तेव्हा ते उठले नाहीत. ती आम्ही सोडली आणि पुढची घेतली.

त्या आठवड्यात शालिनीवहिनी नीलाला म्हणाल्या की हे जेवत नीट नाहीत, टेपही लावत नाहीत. खालून काही ऐकू येत नाही हे आमच्याही लक्षात आलं होतं. इतके दिवस त्या गदारोळाला कंटाळलेली नीला मला म्हणाली, जरा बघून या त्यांना. मी जाणार तोच रविवारी सकाळी साळुंखे वर आले. फोन करायचाय, म्हणाले, जरा बरोबर या.

आमच्या कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान होतं, एका माणसापुरती काचेची केबिन. विलासच्या घरी फोन नव्हता, समोरच्या किराणा दुकानात होता. दुकानदाराला त्याला बोलवायला सांगितलं आणि दहा मिनिटं आम्ही बाकावर बसून राहिलो. पुन्हा फोन लावला तेव्हा साळुंख्यांनी केबिनचं दार उघडं धरलं आणि मला म्हणाले, तुम्ही आत या. आम्ही दोघं त्या खोक्यात अंग चोरून उभे राहिलो. लाइन चांगली होती. पलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

पलीकडून धापा टाकत विलासने विचारलं, "दादा, कोण गेलं का?"

"न्हाई. कोण न्हाई गेलं."

कराडच्या त्या दुकानात कोणीतरी साखर मागत होतं. साळुंख्यांनी ऊस कसा आहे विचारलं. विलास म्हणाला, बरा आहे. पाणी? आहे. मुली? शाळेत जातात. मला वाटलं, आता हे फोन ठेवणार. साळुंख्यांनी खाली बघितलं आणि एका दमात बोलले.

"विलास, तुझी हॉलातली टेप माझ्याकडं होती. ती एका माणसाला ऐकवली. नेरूळला असतो, वाजवणारा माणूस हाय, जुना. तो म्हणाला, हात चांगला हाय. खूप चांगला हाय म्हणाला."

लाइन गेली असं वाटून साळुंख्यांनी रिसीव्हर कानाला दाबला. मग विलासचा आवाज आला. आधीपेक्षा बारीक.

"आणि पायाचं काय म्हणाला?"

साळुंख्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगा म्हणून.

"पाय कच्चा म्हणाला."

"बरोबर हाय," विलास म्हणाला, आणि चक्क हसला. "पायाला जोरच लागायचा न्हाई. मोठ्या ड्रमचं पॅडल ढिलं होतं की."

"ढिलं होतं?" साळुंखे एकदम ताठ झाले. "कशात ढिलं? बोल्ट का स्प्रिंग?"

"स्प्रिंग. पार ताणली होती. मी सुतळी बांधून चालवायचो."

"अरे, मग मला सांगायचंस," साळुंखे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "मला सांगायचंस की विलास. मी बसवून दिली असती."

मी दार लोटून बाहेर आलो आणि बाकावर बसलो. काचेतून दिसत होतं. थोडा वेळ साळुंखे नुसते ऐकत होते. मग ते काहीतरी विचारायला लागले आणि रिसीव्हर खांद्यात धरून दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत माप दाखवू लागले, स्प्रिंग एवढी होती, की एवढी.